पंधरा नंबरचा निरोप

१

सायरन वाजला नाही, म्हणून रामरावांचे हात भाजले.

कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या जिनिंगमध्ये ठिणगी काही नवी नसते. कापसासोबत एखादा खडा येतो, रोलरवर घासतो आणि रुईच्या नळातून एक लाल कण पुढे सरकतो. राळेगावच्या वाटेवरच्या या जिनिंगने त्यासाठीच नळावर पहारा बसवला होता. आचेची चाहूल लागली की एक छोटा संगणक सायरन द्यायचा, पंखा बंद करायचा आणि ठिणगी जागच्या जागी मरायची. हंगामात कितीदा तरी असं झालं होतं. पण त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपली, कापूस नेणारा पट्टा पुन्हा चालू झाला, आणि पुढची ठिणगी पंख्याच्या वाऱ्यावर स्वार होऊन थेट रुईच्या ढिगात उतरली. ढिगाजवळ बाया काम करत होत्या. पट्ट्यावरच्या रामरावांनी त्यांना एकेक करून बाहेर ओढलं. बाया वाचल्या. रामराव यवतमाळच्या दवाखान्यात पोचले.

अंधार पडायच्या आत गावाला गुन्हेगारही सापडला होता.

"शाम राठोड," दुसऱ्या दिवशी कौसल्याताई दरणे ममताला म्हणाल्या. "कंट्रोल रूमचा ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत तो एकटाच होता, अन् सुट्टीआधी सायरन वाजला होता, म्हणजे सुट्टीतच ते यंत्र बंद पडलं. संजयरावांनी, आमच्या मॅनेजरनं, तक्रार तयार ठेवली. माझी सही झाली की पोलिसांत जाते."

"मग सही काहून नाही केली?" ममताने विचारलं.

कौसल्याताई ह्या जिनिंगच्या अध्यक्ष. आसपासच्या शेतकरी बायांनी मिळून ही जिनिंग उभी केली होती, आणि त्या सगळ्यांच्या वतीने जबाब द्यायची सवय असलेला त्यांचा आवाज एरवी खणखणीत असायचा. आता तो खाली आला.

"रामरावले आगीतून ओढून काढणारा शामच होता. यंत्र मुद्दाम बंद करणारा माणूस मग आगीत शिरते का, तुम्हीच सांगा."

ममता आडे नेरजवळच्या बंजारा तांड्यावर वाढलेली. पुण्यात बरीच वर्षं तिने यंत्रांच्या पोटात चालणारे प्रोग्राम लिहिले, सी भाषेत, जिथे एक चूक झाली तर कारखाना थांबतो. आता यवतमाळला तिचं स्वतःचं ऑफिस होतं. बंद पडलेल्या यंत्रांची कारणं शोधायला लोक तिला बोलवायचे. कोणताही प्रोग्राम उगाच मरत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

कौसल्याताईंनी एक शहाणपण केलं होतं. आग विझल्याबरोबर त्यांनी कंट्रोल रूमला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. आत सगळं जसंच्या तसं होतं. भिंतीवर कपाटाएवढी लोखंडी पेटी, तिच्यावर तळहाताएवढा पडदा, त्याखाली जळत असलेला हिरवा दिवा. पडदा काळा होता. ममताने बोट लावलं तसा तो उजळला. त्यावर एकच ओळ होती.

निरोप १५.

ममताने मोबाइलवर फोटो काढला आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

"काय झालं?" कौसल्याताईंनी विचारलं.

"ताई, हा प्रोग्राम बिघडून नाही मेला. विजेची लाइन गेली असती तर एक अक्षर न बोलता गेला असता. याला कोणीतरी जा म्हटलं, अन् हा सांगून गेला."

२

शाम राठोड बाहेर लिंबाखाली उभा होता. त्याची आई लालीबाई त्याच्या शेजारी, पदर घट्ट ओढून. कालपासून त्यांच्या तांड्यावर कोणी त्यांच्याशी धड बोललं नव्हतं, हे दोघांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"मी काहीच बंद नाई केलं, बाई," शाम म्हणाला. "डबा खाल्ला. सुट्टी संपली. हिरवा दिवा पाह्यला, पट्ट्याचं बटन दाबलं. बस."

"पडदा नाही पाहिला?"

"पडदा तर झोपूनच राह्यते जी. हात लावला तरच उठते. हिरवा दिवा असला म्हणजे यंत्र चालू, असंच मले सांगतलं होतं."

"कोणी सांगितलं?"

शामने हळूच बोट दाखवलं. कंट्रोल रूमच्या उघड्या दाराआड वायरमन पुंडलिकराव पेटीच्या मागच्या तारा तपासत होते. ते तडकन उठून बाहेर आले.

"मी दिवा करंटचा लावला," ते म्हणाले. "लाइन आहे का नाई, एवढंच तो सांगते. आत कोण जितं अन् कोण मेलं, ते त्याले काय ठाऊक? हां, याले समजावून सांगाचं राहून गेलं, ते खरं."

"त्या दिवशी लाइन गेलती का?"

"नाई ना! गेली असती तर दिवाच इझला असता. अन् मी तवा गेटापाशी बायांसंगं भाकर खाऊन राह्यलो होतो. विचारा कोणालेही."

ममताने मान डोलावली. सगळ्यांना घेऊन ती आत गेली आणि तिने प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पट्टा बंदच होता. पडद्यावर 'पहारा चालू' अशी अक्षरं आली.

"शाम, आता याला बंद कर."

शाम दचकला. आईकडे पाहिलं, कौसल्याताईंकडे पाहिलं.

"कर. मी सांगते ना."

त्याने पडद्यावरचं लाल चौकोनी बटन दाबलं. पेटीतून बारीक 'टुक' असा आवाज आला आणि पडद्यावर ओळ उमटली.

निरोप २.

ममताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

"चालत्या प्रोग्रामला बाहेरून निरोप पाठवता येतात, ताई," ती कौसल्याताईंना म्हणाली. "आम्ही त्यांना सिग्नल म्हणतो. प्रत्येकाचा नंबर ठरलेला. दोन म्हणजे समोर बसलेल्या माणसाने थांब म्हटलं. पंधरा म्हणजे दुसरीकडून कोणीतरी आज्ञा टाइप केली, की आवरून घे आणि थांब. नऊ म्हणजे सरळ गळा दाबणं. नऊ आला की प्रोग्रामला निरोपही लिहिता येत नाही. शामने या पडद्यावरून बंद केलं असतं तर दोन दिसला असता. इथे टाइप करायला कीबोर्डच नाही. पंधरा या खोलीतून जाऊच शकत नाही."

लालीबाईंनी शामचं मनगट धरलं.

"मग कुठून आला?" कौसल्याताईंनी विचारलं.

पेटीतून एक निळी तार निघत होती. ममता तिच्या मागे मागे गेली. तार भिंतीवरून, अंगणावरून, पत्र्याखालून मॅनेजरच्या ऑफिसात शिरली आणि तिथल्या संगणकात संपली. दुसरा फाटा कुठेच नव्हता. इंटरनेटही या तारेला जोडलेलं नव्हतं.

"इथून," ममता म्हणाली. "फक्त इथून."

कौसल्याताईंचा चेहरा पडला.

"ते होऊच नाई शकत, बाई. त्या दिवशी सुट्टीत हे ऑफिस कुलूपबंद होतं. मी वणीहून सुट्टीतच परतले, अन् स्वतः कुलूप ओढून पाह्यलं. किल्ली एकच, अन् ती संजयरावांच्या खिशात. अन् संजयराव तवा नेरले, बाजार समितीत, भर लोकांत बसून होते!"

३

मॅनेजर संजय बोबडे चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड माणूस. त्याने ममतासाठी चहा मागवला, पंखा तिच्याकडे वळवला आणि विचारायच्या आधीच उत्तरं द्यायला लागला.

"मॅडम, बाहेरचे व्यापारी इथे येणार होते, रुई पाहायला. सकाळभर मी त्यांची वाट पाहिली. मग फोन आला की ते नेरलाच थांबलेत. ऑफिसला कुलूप लावलं अन् निघालो. सुट्टीच्या बऱ्याच आधी निघालो. नेरला सगळ्यांनी पाहिलं मला."

"या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. प्रोग्राम लिहिणारी ती पोरगी आहे ना, खुशी ढोले, तिला. अन् शामला. हजेरी भरायला तो रोज सकाळी इथे येतो. त्या दिवशीही आलता."

"खुशी आली होती?"

"सकाळी आलती. काहीतरी टाकटूक केली अन् यवतमाळच्या एसटीनं गेली. मी सांगतो तुम्हाला, त्या पोरीचा प्रोग्रामच कच्चा आहे. उगाच वाजते. धूळ उडाली की वाजते. कापसाचे गाड्यावाले हसतात आम्हाला."

"म्हणजे प्रोग्राम आपोआप बंद पडला असेल?"

"आपोआप कशाला? शामनं केला. तिथे बसून. सुट्टीत झोप मोडू नये म्हणून केला असेल." संजयरावाने कप खाली ठेवला. "हे पाहा, ते काही ऑफिसातून बंद होत नाही. कितीदाही सांगा, ऐकतच नाही. मग राहिलं कोण? खोलीत बसलेला माणूसच ना?"

ममताने चहा संपवला. तर्क वरवर बिनतोड होता. पंधरा नंबर फक्त ऑफिसातून जातो. आणि तो पोचला तेव्हा ऑफिसात माणूस नव्हता. कुलपाआडून कोणी निरोप पाठवला?

जाताना तिने कुलूप पाहिलं, खिडकीचे गज हलवून पाहिले, छपराचा पत्रा पाहिला. सगळं धड होतं. संगणकात वेळ लावून ठेवलेली एखादी आज्ञा असेल म्हणून तेही तपासलं. तसलं काही नव्हतं.

"उद्या संचालक बायांची सभा आहे," कौसल्याताई गेटापाशी म्हणाल्या. "माझी सही मागतील. मी किती थांबवू?"

"सभा जिनिंगमध्येच ठेवा," ममता म्हणाली. "अन् सगळ्यांना बोलवा. खुशीलासुद्धा."

"त्या पोरीले तर संजयरावांनी गेटाच्या आत यायलेच मनाई केली."

"म्हणूनच बोलवा."

४

यवतमाळच्या दवाखान्यात रामरावांच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या, पण जीभ शाबूत होती.

"मी पट्ट्यापाशीच बसतो जेवाले," ते म्हणाले. "शाम पोरगं चांगलं आहे, बाई. त्यानं पट्टा थांबोला, अन् डबा सोडाले खाली बसला. मले काचेतून दिसत होतं ना."

"पट्टा थांबल्यावर तो पडद्याकडे गेला?"

"नाई. डबाच सोडत होता. पण ती पेटी वाजली. टुक!"

ममता पुढे सरकली. "कधी?"

"पट्टा थांबला, अन् लगेच टुक. जशी काही त्याचीच वाट पाहून राह्यली होती."

ममता दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा ते वाक्य तिच्यासोबत चालत होतं. पट्टा थांबला आणि लगेच टुक. हा योगायोग फार नेटका होता, आणि नेटक्या योगायोगांवर तिचा विश्वास नव्हता.

खुशी ढोले बसस्टँडमागच्या एका खोलीत राहायची. इंजिनिअरिंग संपवून तिने घेतलेलं हे पहिलं मोठं काम. दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"माझीच चूक असणार, मॅडम," ती म्हणाली. "रामरावकाकांचे हात माझ्यामुळे गेले."

"हात शाबूत आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या दिवशी सकाळी तू काय बदललंस, ते दाखव."

खुशीने लॅपटॉप उघडला. "आधी ऑफिसातून बंद करण्याची आज्ञा दिली की प्रोग्राम लगेच बंद व्हायचा. मला ते धोक्याचं वाटलं. पट्टा चालू असताना पहारा उठला तर? म्हणून मी थांबवणाऱ्या सिग्नलांचा एक संच केला. पट्टा चालू झाला की तो संच अडवायचा. पट्टा थांबला की सोडायचा."

ममताच्या मनात पहिली शंका आली ती नवशिक्याच्या नेहमीच्या चुकीची. सी भाषेत असा संच आयता रिकामा मिळत नाही. आधी तो स्वतः रिकामा करावा लागतो, नाहीतर त्या जागेत पडलेला जुना कचराच संच म्हणून धरला जातो. नको ते सिग्नल अडतात, हवे ते सुटतात. तिने ओळी वाचल्या. पहिलीच ओळ सिगएम्प्टीसेट, संच रिकामा. पुढच्या ओळीत दोन नंबर आत घातला, त्यापुढे पंधरा. मग पट्टा सुरू होताच संच अडवला. पट्टा थांबताच मोकळा केला. काम स्वच्छ होतं.

"खुशी, इथे तुझी चूक नाही. पडद्यावर शेवटी काय होतं, माहीत आहे तुला?"

"मला आत येऊच दिलं नाही. शामदादाने सुट्टीत बंद केला असंच सगळे सांगत होते. पट्टा थांबलेला होता, म्हणजे त्यांना करता आलं असतं. म्हणजे दोन."

ममताने फोटो समोर धरला.

खुशी पाहत राहिली. "पंधरा? पण सुट्टीत तर ऑफिस..."

"बंद होतं. आता मला सांग, तुझ्या संचाने अडवलेला सिग्नल कुठे जातो?"

"कुठेच नाही जात. तो तसाच राहतो, अडकून..." खुशीचा हात तोंडाकडे गेला. "आणि संच सोडला की पोचतो!"

"टुक," ममता म्हणाली.

दोघी एकदम उठून उभ्या राहिल्या. पण ममता लगेच खाली बसली. कुलपाचं कोडं तर सुटलं होतं, मात्र ऑफिसात सकाळी तीन माणसं येऊन गेली होती. त्यांतलं कोणतं?

"हा बदल तू कोणाला सांगितला होतास?"

"कोणालाच नाही. कौसल्याताई सकाळी वणीला गेल्या होत्या. त्या परतल्या की सांगणार होते. तोवर आग लागली."

"शामला? संजयरावांना?"

"नाही मॅडम. त्यांच्या लेखी प्रोग्राम जुनाच होता. एका आज्ञेत बंद होणारा."

ममताने पर्स उचलली, आणि खुशीला ती हसताना दिसली.

"खुशी, उद्या इस्त्रीचा ड्रेस घाल. उद्या तुझा प्रोग्राम साक्ष देणार आहे."

५

संचालक बाया अंगणात सतरंजीवर बसल्या होत्या. कामगार भिंतीला टेकून उभे. शाम आणि लालीबाई एका कडेला, त्यांच्याभोवती मोकळी जागा. कोणी जवळ सरकायला तयार नव्हतं. संजयराव खुर्चीवर, तक्रारीचा कागद मांडीवर. खुशी कंट्रोल रूमच्या काचेबाहेर.

"आज कापूस नाही, नुसता रिकामा पट्टा चालवणार आहे," ममता म्हणाली. "खुशी, पहारा सुरू कर. शाम, पट्टा चालू कर, अन् बाहेर ये. खोलीत कोणी राहायचं नाही."

पट्टा घरघरला. काचेआड पडद्यावर 'पहारा चालू' दिसत होतं. ममता कौसल्याताईंना घेऊन ऑफिसात गेली. संगणकावर तिने आज्ञा टाइप केली, पंधरा नंबरचा निरोप पाठवला, आणि उघड्या दारातून सगळ्यांना हाक मारून विचारलं, "बंद झाला?"

"नाई!" बाया काचेतून पाहत ओरडल्या.

तिने पुन्हा पाठवला. पुन्हा. कौसल्याताईंनी स्वतः एकदा बटन दाबून पाहिलं. पडदा जसाच्या तसा.

"आता ऑफिसला कुलूप लावा, ताई. किल्ली तुमच्याजवळ."

कुलूप लागलं. अंगणात परत येऊन ममताने पुंडलिकरावांना खूण केली. त्यांनी तापलेली डागणी नळावरच्या, आच ओळखणाऱ्या डोळ्याजवळ धरली. सायरन असा कडाडला की लिंबावरचे पोपट उडाले आणि सतरंजीवरच्या एका बाईने देवाचं नाव घेतलं. पंखा थांबला.

"म्हणजे जिता आहे!" पुंडलिकराव ओरडले.

"जिता आहे, अन् जायची आज्ञा त्याच्यापाशी पडून आहे. कितीदा पाठवली तरी एकच धरली जाते. पट्टा चालू आहे तोवर तो ती ऐकत नाही. शाम, खोलीच्या बाहेर मुख्य स्विच आहे ना? तिथून पट्टा थांबव."

शामने हात वर करून स्विच ओढला. पट्टा मंदावला, थांबला. सगळं अंगण कान देऊन उभं होतं.

टुक.

काचेआड, रिकाम्या खोलीत, पडद्यावर ओळ उमटली. निरोप १५.

मग लालीबाई आपल्या जागेवरून निघाल्या, थेट काचेपाशी गेल्या आणि तिथून वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"खोलीत कोनी नाई," त्या म्हणाल्या. "ऑफिसात कोनी नाई. अन् मेला. आता सांगा, माह्या पोरानं केलं का?"

"नाही केलं," ममता म्हणाली. "निरोप सकाळीच गेला होता. माणूस निघून गेला, कुलूप लागलं, निरोप मात्र वाट पाहत थांबला. शामने जेवणासाठी पट्टा थांबवला, तेव्हा तो पोचला. सुट्टीनंतर पट्टा पुन्हा चालू झाला तेव्हा पहाऱ्यावर कोणी नव्हतं, आणि हिरवा दिवा मात्र जळत होता."

"मग सकाळी पाठवला कोणी?" कौसल्याताईंनी विचारलं.

"सकाळी ऑफिसात खुशी होती, शाम होता अन् संजयराव. खुशीला पाठवायचाच असता तर तिने असा पाठवला नसता. पट्टा चालू असताना पंधरा पोचत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? शामला प्रोग्राम बंद करायला ऑफिसात कशाला जावं लागतं? त्याच्या समोरच बटन आहे." ममता वळली. "संजयराव, काल तुम्ही मला काय म्हणालात? ते ऑफिसातून बंद होत नाही. कितीदाही सांगा, ऐकतच नाही."

"मग? खरंच आहे ते. आत्ता तुम्हीच दाखवलं."

"आज दाखवलं. तुम्ही काल बोललात. आगीच्या आदल्या दिवसापर्यंत हा प्रोग्राम एका आज्ञेत बंद होत होता. तो ऐकेनासा झाला आगीच्याच सकाळी, खुशीने बदल केल्यावर, आणि तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी ज्याने स्वतः बंद करून पाहिला, कितीदा तरी पाहिला, त्यालाच हे माहीत असू शकतं."

संजयरावाने खुशीकडे बोट केलं. "हिनं सांगितलं असेल मला..."

"मी तुमच्याशी बोललेसुद्धा नाही, सर," खुशी म्हणाली. "तुम्ही फोनवर होतात. मी हात हलवून निघाले."

"असेलच तसं," एक कामगार भिंतीपासून म्हणाला. "मी पाह्यलं तिले जाताना. साहेब फोनवरच होते."

संजयरावाच्या मांडीवरचा कागद खाली घसरला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

"व्यापारी येणार होते," शेवटी तो म्हणाला. त्याचा गोड आवाज आता कोरडा झाला होता. "त्यांच्यासमोर सायरन बोंबलला असता तर माल सोडून गेले असते. तासाभरासाठी गप्प करावा म्हटलं. बंद नाही झाला. मी विसरून गेलो अन् नेरला निघालो. मला काय ठाऊक, की ते मागून... रामरावला काही व्हावं असं मला वाटलं नव्हतं. देवाशपथ."

"ते मानते मी," कौसल्याताई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "पण आग विझल्यावर तुले समजलं होतं, का सकाळी ते बंद कराची आज्ञा तूच देली होती. अन् तू शामचं नाव लिवलं. सायरन तू चुकून मारला असशील, संजय. या पोराले मात्र तू जाणून-बुजून मारत होता."

त्यांनी कागद उचलला, सगळ्यांसमोर आडवा फाडला, मग उभा फाडला. "तक्रार जाईन. आजच जाईन. नाव बदलून."

सतरंजीवरच्या बायांनी एकसाथ हात वर केले. कोणी मत मागितलंही नव्हतं.

आणि मग शामभोवतीची ती मोकळी जागा भरली. आधी पुंडलिकराव सरकले, मग रुईवाल्या बाया, मग तांड्यावरचे ते सगळे जे दोन दिवस नजर चुकवत होते. शाम उभ्या उभ्या रडायला लागला. "याडी," त्याने आईला हाक मारली, आणि लालीबाईंनी, इतका वेळ दगडासारख्या उभ्या असलेल्या लालीबाईंनी, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळ कपाळाला लावलं.

६

जिनिंग पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी ममताला बोलावणं आलं. खुशी कंट्रोल रूममध्ये गुडघ्यांवर बसून पुंडलिकरावांना तार कुठे लावायची ते सांगत होती, आणि पुंडलिकराव निमूट ऐकत होते. हिरवा दिवा आता करंटचा राहिला नव्हता. प्रोग्राम जिवंत असेल तरच तो जळणार होता. प्रोग्राम मेला तर पट्टा चालूच होणार नव्हता.

"आणि आणखी एक केलंय, मॅडम," खुशी म्हणाली. "निरोप कोणत्या नंबरचा, एवढंच नाही, तो कोणी पाठवला हेही आता प्रोग्राम लिहून ठेवतो."

"छान. पुढच्या वेळी मला बोलवायची गरजच नको."

"तसं नाही हं," कौसल्याताई मागून म्हणाल्या. "बोलवू. जेवाले."

लालीबाईंनी तांड्यावरून पातेलंभर लापशी आणली होती आणि त्या येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ती वाढत होत्या. नको म्हणणाऱ्याला दुप्पट. यवतमाळहून गाडी आली. तिच्यातून रामराव उतरले, तसे सगळे गेटाकडे धावले.

"आधी मशीन चालू करा," रामराव म्हणाले. "मले कायले पाह्यता? मी काय नवरदेव आहो?"

कौसल्याताईंनी शामकडे पाहिलं. त्याने हिरवा दिवा पाहिला, पडदा जागा करून पाहिला, आणि बटन दाबलं. पट्टा निघाला. पहिला कापूस रोलरमध्ये शिरला आणि दुसऱ्या टोकाने पांढरीशुभ्र रुई फुगून बाहेर पडायला लागली. खुशीने चाचणीसाठी डागणी नळाजवळ धरली.

सायरन कडाडला. पंखा थांबला. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी माना बाहेर काढल्या.

अंगणभर टाळ्या पडल्या. रामरावांना टाळी वाजवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर दणादणा आपटले, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच झाला.